ऑर्किडच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतायत? दर सीझनला होत असेल तर असा शोध घ्या

ऑर्किडवाल्या मंडळींमध्ये फुलांचा सीझन सुरू झाला की फोटोंच्या बरोबरीने हा प्रश्न येतोच येतो. दांडी छान आली, कळ्या धरल्या, टपोऱ्या झाल्या, आता आज-उद्या पहिलं फूल उमलणार म्हणून उठल्या उठल्या आधी कुंडीकडे नजर, आणि मग एक दिवस बघावं तर एक कळी पिवळट, मऊ, सुरकुतलेली, जरा बोट लागलं की टप्पकन हातात. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची. आठवड्याभरात नुसती काठी उरते. याला सगळे बड ब्लास्ट म्हणतात आणि हे इतकं कॉमन आहे की ज्यांच्याकडे भरपूर झाडं आहेत त्यांच्याकडे एखाददुसऱ्या झाडावर होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण मी बोलतेय ते एकदाच झालेल्या प्रकाराबद्दल नाही. तेच झाड, तीच जागा, दरवर्षी दांडी येते आणि दरवर्षी कळ्या गळतात, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे आहे. एकदा गळल्या तर कारण काहीही असू शकतं, कुणीतरी खिडकी उघडी ठेवली असेल, कुंडी कलंडली असेल, सोडून द्या. दरवर्षी त्याच टप्प्यावर गळत असतील तर मात्र काहीतरी कायमचं बिघडलेलं आहे आणि ते शोधून काढता येतं. अडचण एवढीच की बहुतेक जण कळी ज्या दिवशी पडली त्या दिवसाचा हिशोब करत बसतात, काल पाणी जास्त झालं का, काल ऊन लागलं का वगैरे. कळी पिवळी पडते तोवर कारण घडून बऱ्याचदा आठवडा-दोन आठवडे होऊन गेलेले असतात, आणि मुळांचं लफडं असेल तर महिनेसुद्धा. त्यामुळे कालचं नाही, मागचं बघायचं.

सगळ्यात आधी पडलेली कळी फेकू नका. उचला आणि नीट बघा. देठाकडचं टोक बघा, कळी झाडाने स्वतःहून सोडली असेल तर तिथे एकदम स्वच्छ सुटलेला सांधा दिसतो, तोडल्यासारखं फाटलेलं नसतं. मग धारदार ब्लेडने कळी उभी कापा. आत सगळं शाबूत आहे, फक्त पिवळं आणि कोमेजलेलं आहे, तर झाडाने ताण आला म्हणून टाकून दिलेली कळी आहे. आत तपकिरी, ओलसर, वास येणारं काही असेल तर सड आहे. आणि पाकळ्यांच्या घड्यांवर बारीक चंदेरी-तपकिरी ओरखडे, काळे ठिपके असतील तर किडे. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करून चालतो.

दुसरं म्हणजे कळ्या कुठल्या क्रमाने गेल्या ते आठवा. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. दोन-तीन दिवसांत लहान-मोठ्या सगळ्याच्या सगळ्या गेल्या तर ते झटक्याचं काम, म्हणजे गॅस, थंडी, भट्टीसारखी गरम झालेली गाडी, जागा बदलणं असलं काहीतरी. एक गेली, चार दिवसांनी दुसरी गेली, मग तिसरी, अशी रांग लागली आणि बहुतेक फुगलेल्या कळ्याच जात असतील तर पाणी कळीपर्यंत पोचत नाहीये, म्हणजे मुळं किंवा कोरडी हवा. टोकाच्या अगदी ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या वाढल्याच नाहीत आणि वाळून गेल्या, बाकीची फुलं व्यवस्थित उमलली, तर मी त्याला आजार म्हणतच नाही. झाडाने ताकद बघून हात आखडता घेतला, उजेड थोडा कमी पडला असेल, एवढंच. आणि फूल पूर्ण उमललं, दोन दिवस मस्त राहिलं आणि मग एकटंच अचानक लोळागोळा झालं, तर त्याचं कारण पुढे सांगते, ते वेगळंच आहे.

आता मुळं. दरवर्षी होणाऱ्या बड ब्लास्टमध्ये पहिला संशय इथेच घ्यायचा, आणि नेमकं इथेच लोक ऐकत नाहीत. म्हणतात अहो मुळं खराब असती तर दांडी आलीच नसती ना. येते. फॅलेनॉप्सिसच्या (घरोघरी दिसणारी ऑर्किडची जात, आम्ही तिला नुसतं फॅल म्हणतो) जाड पानांत पाण्याचा आणि साखरेचा बऱ्यापैकी साठा असतो, त्या साठ्यावर झाड दांडी काढतं, दांडी लांब करतं, कळ्यासुद्धा धरतं. दांडी दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत साधारण ३ महिने जातात आणि त्यातल्या शेवटच्या काही आठवड्यांत कळी झपाट्याने फुगते, त्या फुगण्यासाठी पाणी लागतं, ते रोजच्या रोज मुळांकडूनच यावं लागतं. तिथे मुळं कमी पडली की झाड पान टाकत नाही, आधी कळी टाकतं. म्हणून सगळं छान चाललंय असं वाटता वाटता हातातोंडाशी आलेला घास जातो.

मुळं बघायची कशी, तर कुंडी पारदर्शक असेल तर बाहेरूनच. ऑर्किडच्या मुळावर वेलामेन नावाचं स्पंजसारखं आवरण असतं, कोरडं असलं की चंदेरी-पांढरट दिसतं आणि पाणी लागलं की काही मिनिटांत हिरवं होतं. पाणी घाला आणि बघत बसा, रंग बदलतोय म्हणजे मूळ जिवंत आहे. तपकिरी आहे ते तपकिरीच राहिलं तर दोन बोटांत हलकेच दाबून बघा, टणक असेल तर नुसता बार्कचा, म्हणजे कुंडीत भरलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांचा, डाग बसलेला असू शकतो, घाबरू नका. पचपचीत झालं आणि साल निघून आत फक्त दोरा राहिला तर ते गेलं. आणि फक्त बाहेरच्या बाजूची मुळं बघून खूश होऊ नका. विकत आणलेल्या बऱ्याच फॅलमध्ये बाहेरून बार्क दिसतो पण बरोबर मधोमध, खोडाच्या खाली, रोप लहान असतानाचा मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) घट्ट गोळा तसाच असतो. बाहेरचा बार्क कोरडा झाला म्हणून आपण पाणी घालतो, आतला गोळा कायम ओलाच, आणि खोडाजवळची मुळं गुपचूप सडत जातात. लाकडाची एखादी बारीक काडी मधोमध खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा, ओली निघाली तर अजून पाणी नको, वरून कितीही कोरडं दिसू दे.

गंमत अशी की पाणी जास्त झालं आणि पाणी कमी पडलं दोन्हीची लक्षणं पानांवर सारखीच दिसतात, पान सैल, सुरकुतलेलं, चामड्यासारखं. नवीन लोक हे बघून आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळं पण जातात. पान बघून पाणी घालू नका, मूळ बघून घाला.

मुळं खराब निघाली आणि झाडावर दांडी आहे, तर काय करायचं यावर आमच्यात दरवेळी वाद होतात. काही जण म्हणतात फुलं संपेपर्यंत हात लावू नका. थोडीफार मुळं चांगली असतील तर ठीक आहे, तसंच करा, फक्त पाण्यावर लक्ष ठेवा. पण निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर माझं मत स्पष्ट आहे, दांडी कापा. उमललेली फुलं असतील तर दांडी पाण्यात ठेवा, बरेच दिवस टिकतात, अगदी उमलायला आलेली कळी पण कधीकधी उघडते, आणि झाड लगेच नव्या बार्कमध्ये लावा. त्या कळ्या तशाही गळणारच असतात, मग त्या नादात झाड कशाला घालवायचं. बार्क साधारण दीड-दोन वर्षांत कुजून भुसा होतो, मॉस त्याच्याही आधी, आणि भुसा झालेल्या मिक्समध्ये हवा राहत नाही. तुमच्या झाडाचं शेवटचं रिपॉटिंग कधी झालं हे आठवत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं असं समजा. रिपॉटिंग फुलं झाल्यावर, नवीन मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली की करायचं, म्हणजे पुढच्या दांडीपर्यंत झाडाला बसायला वेळ मिळतो.

मुळं ठणठणीत आहेत आणि तरी रांगेने गळतायत तर हवेकडे वळा. कळी ही पातळ सालीची, पाण्याने भरलेली वस्तू, एसीचा किंवा हीटरचा झोत थेट तिच्यावर येत असेल तर ती टिकतच नाही. आर्द्रता ५० ते ७० टक्के असली की बहुतेक घरगुती ऑर्किड खूश असतात, ४० च्या खाली सतत राहिली की पातळ सालीच्या कळ्या कुरकुर करायला लागतात. अंदाजाने बोलू नका, आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर घ्या आणि कुंडीच्या शेजारी ठेवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही. कळ्यांवर स्प्रे मारणं हा उपाय सगळे पहिला सांगतात आणि मला तो अजिबात पटत नाही. स्प्रेने आर्द्रता काही मिनिटं वाढते आणि परत तिथेच येते, वर कळ्यांच्या खोबणीत पाणी साचून राहिलं आणि हवा थंड-कोंदट असली की बोट्रायटिस बुरशी येते, म्हणजे फूल उमललंच तर पाकळीवर बारीक तपकिरी-गुलाबी ठिपके. त्यापेक्षा झाडं एकत्र घोळक्यात ठेवा, खाली खड्यांचा पाण्याचा ट्रे ठेवा (याने थोडाच फरक पडतो, चमत्कार होत नाही), किंवा ह्युमिडिफायर लावा. हवा खेळती पाहिजे पण पंखा झाडाकडे तोंड करून नको, भिंतीकडे वळवा.

तापमानाचं थोडक्यात. फॅलला दांडी काढायला थोडा गारवा लागतो, दिवस-रात्र सतत २८ अंशांच्या वर असेल तर दांडी धरत नाही, २५ च्या आसपास आणि खाली काही आठवडे मिळाले की धरते. लोकांना हे माहीत असतं, म्हणून ते झाड मुद्दाम गार खिडकीत ठेवतात आणि दांडी आल्यावर तिथेच विसरतात. मग थंडी वाढते, रात्री काचेजवळ पारा १५-१६ च्या खाली उतरतो, दुपारी त्याच काचेतून ऊन आत येऊन ३० च्या पुढे जातो, आणि कळ्या वैतागून सोडून देतात. खोलीचं तापमान बघून इथे काहीच कळत नाही. मिनिमम-मॅक्सिमम दाखवणारा थर्मामीटर कळ्यांच्या उंचीवर आठवडाभर ठेवला की बरेच जण आकडे बघून उडतात.

आणि उजेड. फुलांच्या दिवसांत आभाळ भरलेलं असेल, दिवस लहान असतील, आणि त्यातच फुलं येणार म्हणून कौतुकाने झाड आतल्या खोलीत टेबलावर आणून ठेवलं, तर कळ्या भरायला लागणारी साखर बनणार कुठून. काळपट हिरवी, लांब, लोंबणारी पानं दिसली की उजेड कमी आहे हे धरून चाला. टेबलावर आणायचंच असेल तर निम्म्याहून जास्त फुलं उमलल्यावर आणा, उमललेलं फूल बरंच सहन करतं, कळी नाही करत.

आता गॅस, म्हणजे इथिलीन. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून पटत नाही, कारण दिसत काहीच नाही. हा एक साधा वायू आहे आणि झाडांसाठी तो हार्मोन आहे. जुन्या काळी रस्त्यावरच्या दिव्यांचा गॅस लीक झाला की जवळपासच्या झाडांची पानं गळायची, ते का होतं याचा छडा पुढे रशियन शास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोवने लावला, १९०१ मध्ये त्याने वाटाण्याच्या रोपांवर दाखवून दिलं की त्या गॅसमधलं इथिलीनच रोपांची वाढ बिघडवतं. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेनने सफरचंदांवर सिद्ध केलं की पिकणारं फळ स्वतःच इथिलीन सोडतं. आपल्या कामाचं एवढंच की फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, डेंड्रोबियम या ऑर्किडच्या जातींच्या कळ्या आणि फुलं इथिलीनच्या बाबतीत फार हळवी असतात, अगदी थोडं पुरतं. पिकलेली केळी, सफरचंद, टोमॅटो ठेवलेलं टोपलं त्याच ओट्यावर असेल, गॅसची शेगडी निळी न जळता पिवळी जळत असेल, गॅरेजला लागून झाडं असतील आणि गाडी आत सुरू करून ठेवली जात असेल, बंद खोलीत धूर होत असेल, किंवा शेजारच्या फुलदाणीत जुनी फुलं सडत असतील, तर कळ्या एकदम, सगळ्या, दोन दिवसांत जातात. कॅटलियात तर फूल उमलतं पण बाहेरच्या पाकळ्यांची टोकं वाळून कागदासारखी होतात, त्याला ड्राय सेपल म्हणतात, ते दिसलं की दुसरीकडे शोधूच नका.

मोठे उत्पादक झाडं पाठवण्याआधी १-एमसीपी नावाच्या वायूची ट्रीटमेंट देतात, तो इथिलीनची जागा आधीच अडवून ठेवतो. घरी त्याची काही गरज नाही, फळांचं टोपलं हलवा आणि खिडकी उघडा. पण बंद खोक्यात दोन-चार दिवस अंधारात प्रवास करून आलेल्या झाडाच्या कळ्या का गळतात ते यावरून कळेल, खोक्यात झाड स्वतःच इथिलीन सोडतं आणि तो बाहेर जायला वाट नसते. म्हणून झाड घेताना नुसत्या कळ्या असलेलं घेऊ नका, तीन-चार फुलं उमललेली आणि पुढे कळ्या असलेलं घ्या, आणि आणल्या आणल्या प्लॅस्टिकचं वेष्टण काढा.

जागा बदलण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण आपण सगळे हौशी लोक आणि आपलं झाड चार जणांना दाखवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. ऑर्किडची कळी उमलता उमलता देठावर वळते, बऱ्याच जातींत अर्धा फेरा, म्हणजे ओठाची पाकळी खाली येते, किडा येऊन बसावा म्हणून. हे वळणं गुरुत्वाकर्षण आणि उजेड बघून होतं. कळ्या असताना कुंडी फिरवली की त्या गोंधळतात, फुलं वाकड्या-तिकड्या दिशांना तोंड करतात, आणि त्यात ताणाची भर पडली तर गळतात. कुंडीवर उजेडाच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा, पाणी घालायला नेली तरी परत त्याच बाजूने ठेवता येते. एकत्र जमायचं असेल, झाड न्यायचं असेल, तर कळीतलं झाड नेऊ नका, उमललेलं न्या. दांडीला काठीचा आधार, फुलांच्या मध्ये टिश्यू पेपर, गाडीत एसीचा झोत दुसरीकडे, आणि मध्ये कुठे थांबलात तर बंद गाडीत सोडून जाऊ नका. परत आल्यावर चिकटपट्टी बघून जिथल्या तिथे. आमच्यातल्या अनुभवी लोकांची निम्मी झाडं भेटीगाठींना कधीच येत नाहीत, ते फक्त फोटो दाखवतात, आणि त्यांच्याच कळ्या सगळ्या उमलतात.

किड्यांचं लवकर आटोपते. कळीखाली पांढरा कागद धरा आणि दांडीवर टिचकी मारा, बारीक पिवळट-काळपट रेघांसारखे काही पळताना दिसले तर थ्रिप्स. मिलीबग कापसासारखा देठाच्या बेचक्यात आणि कळीच्या मागच्या बाजूला लपतो. मावा कोवळ्या टोकावर घोळक्याने असतो. थोडे असतील तर इअरबड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपा, कळ्यांवर थेट फवारा नको, तेलाचे स्प्रे तर कळ्यांवर अजिबात नकोत. एक मात्र सांगते, दांडीवर किंवा कळीच्या देठाशी स्वच्छ पारदर्शक चिकट थेंब दिसले आणि किडा एकही सापडला नाही तर झाडाला औषध मारायला धावू नका. बऱ्याच ऑर्किड फुलांच्या बाहेरसुद्धा गोड रस सोडतात, तो झाडाचा स्वभाव आहे. फक्त त्यावर मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या मागे मावा-मिलीबग, म्हणून ओल्या कपड्याने पुसून घ्या.

मघाशी म्हटलं ते उमललेलं फूल एकटंच अचानक मान टाकतं, त्याचं कारण बहुतेक वेळा परागीभवन. फॅलच्या फुलाला पराग लागला की एक-दोन दिवसांत फूल कोमेजतं, झाडाच्या दृष्टीने त्याचं काम झालं, तेच इथिलीन आतून तयार होतं. माशी, मधमाशी आत शिरली असेल किंवा फूल पुसताना, फोटो काढताना मधल्या खांबाच्या टोकावरची पिवळी टोपी कुणीतरी पाडली असेल, तरी फूल लवकर जातं. फुलाच्या मधोमध बघा, टोकावरच्या टोपीखाली दोन पिवळे गोल दाणे शाबूत आहेत का. पाहुण्यांच्या मुलांना लांबून बघू द्या.

खताबद्दल विचारतातच म्हणून. कळ्या गळतायत म्हणून भरपूर फॉस्फरसवालं ब्लूम बूस्टर ओतणं म्हणजे चुकीच्या जागी मलम. साधं संतुलित खत, डब्यावर लिहिलंय त्याच्या चौथा भाग ताकदीचं, वाढ चालू असताना नियमित, एवढं पुरतं. उलट बार्कवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापडी दिसत असेल, मुळांची टोकं काळी पडली असतील तर क्षार साचलेत, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि आपण परत मुळांच्याच मुद्द्यावर येतो. साधं पाणी भरपूर ओतून कुंडी धुवा, पंधरा मिनिटांनी परत एकदा, आणि महिन्यातून एकदा हे करत राहा. गार पाण्याला पण उगाच दोष देतात, बर्फाच्या तुकड्यांवरून तर भांडणं होतात. २०१७ मध्ये ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी बार्कमधल्या फॅलवर बर्फ आणि साधं पाणी अशी तुलना केली, फुलं टिकण्यात फरक पडला नाही. मी स्वतः बर्फ घालत नाही, मला ते बघवत नाही, पण तुमच्या कळ्या त्यामुळे गळतायत असं म्हणता येणार नाही.

बाकीच्या जातींचं, ज्यांच्याकडे आहे त्यांनी बघा. कॅटलियात कळ्या पानाच्या बेचक्यातल्या पाकिटात तयार होतात, त्या पाकिटाच्या आत पाण्याची वाफ साचून कळी आतल्या आत सडते. पाकीट उजेडाच्या समोर धरून बघा, कळीची सावली दिसते, ओलसर वाटलं तर टोकाकडून जपून कापून उघडा. नोबिल प्रकारच्या डेंड्रोबियमला फुलांच्या आधी गार आणि कोरडा काळ लागतो, तो संपायच्या आत कळ्यांचे फुगवटे बघून आनंदाच्या भरात पाणी आणि नायट्रोजन सुरू केलं की त्या जागी कळ्यांऐवजी पिल्लं म्हणजे केकी येतात, हे गळणं नाहीच, तुम्हीच मत बदलायला लावलं. पॅफच्या (पॅफिओपेडिलम या ऑर्किडच्या) पानांच्या मधल्या खळग्यात रात्रभर पाणी राहिलं की कळी मुळाशीच कुजते. व्हांडा बिनमातीची, मुळं उघडी, तिला कोरड्या हवेचा फटका सगळ्यात आधी बसतो.

हे सगळं तपासूनही काही सापडत नसेल तर एक युक्ती आहे जी एकट्याने करता येत नाही, आणि म्हणूनच चार हौशी ओळखीचे असावेत. तुमच्या झाडाचा टॅग बघा. नावाच्या शेवटी अवतरण चिन्हात एक नाव असेल तर ते त्या विशिष्ट झाडाचं, क्लोनचं नाव, आणि तो क्लोन टिश्यू कल्चरने वाढवलेला असल्यामुळे दुसऱ्या कुणाकडे तोच टॅग असेल तर ते झाड जवळजवळ तुमच्याच झाडाची प्रत आहे. अवतरण चिन्हाशिवायचं नाव हे फक्त संकराचं, एकाच संकराच्या बियांतून आलेली भावंडं वेगवेगळी निघतात, त्यांची तुलना करून उपयोग नाही. तर तोच क्लोन ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा की तुमच्या कळ्या उमलतात का. त्यांच्याकडे मस्त उमलतायत आणि तुमच्याकडे दरवर्षी गळतायत तर झाड निर्दोष आहे, तुमची जागा किंवा मुळं बघा. तीन वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या खिडक्यांत तेच होतंय तर तो क्लोनच तसला आहे, काही झाडं स्वभावाने नाजूक असतात, आणि मग मी तरी त्याच्या मागे वर्ष घालवणार नाही, कुणाला हवं असेल तर देऊन टाकीन. कॅटलिया, डेंड्रोबियमसारखं बल्बवालं (फुगीर खोडांचं) झाड असेल तर याहून सोपं, वाटणी करून एक तुकडा मित्राकडे द्या, दोन्ही तुकडे बसून फुलावर यायला वेळ लागेल पण उत्तर पक्कं मिळतं.

आणि विचारताना कृपा करून फक्त गळलेल्या कळीचा फोटो पाठवू नका. त्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही, मग सगळे आपापला आवडता उपाय सांगतात आणि तुम्ही सगळे एकाच आठवड्यात करून मोकळे होता. पूर्ण झाडाचा फोटो, कुंडीच्या बाजूने मुळांचा फोटो, जिथे ठेवलंय त्या जागेचा लांबून फोटो ज्यात खिडकी, पंखा, फळं काय असेल ते दिसेल. सोबत मिनिमम-मॅक्सिमम तापमान, आर्द्रता, रिपॉटिंग कधी, पाणी किती दिवसांनी, आणि गेल्या तीन आठवड्यांत काय बदललं. पडदे बदलले, एसी सुरू केला, शेजारी रंगकाम झालं, सगळं लिहा, तुम्हाला फालतू वाटतं तेच बऱ्याचदा निघतं. मग एकावेळी एकच गोष्ट बदला. एकदम पाच बदलल्या आणि पुढच्या सीझनला फुलं आली तर कशाने आली ते कळणार नाही.

आत्ता ज्यांच्या हातात काठी उरलीये त्यांच्यासाठी, दांडी हिरवी आणि टणक असेल आणि मुळं चांगली असतील तर कात्री बाजूला ठेवा. फॅलच्या दांडीवर खालच्या बाजूला त्रिकोणी खवल्यासारख्या गाठी असतात, त्यातल्या एखादीतून काही आठवड्यांत फांदी फुटून नव्या कळ्या येऊ शकतात. दांडी वरून वाळत आली तर वाळलेला भाग कापून जिवंत गाठीच्या वर बोटभर ठेवा. मुळं वाईट असतील तर हे काही करू नका, दांडी तळाशी कापा, बार्क बदला आणि नवीन पान पूर्ण वाढेपर्यंत त्या झाडाकडून फुलांची अपेक्षा ठेवू नका. आणि ब्लेड प्रत्येक झाडाला वापरण्याआधी निर्जंतुक करा, व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर असाच जातो.